पोटमाळ्यावरची ट्रंक

मैत्रिणींनो, नवरा निवृत्त झाला की पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. सोळाव्या दिवशी तो फ्रिज उघडून "ही कोथिंबीर कधीची?" म्हणून विचारतो. आमचे हे २०२१ साली निवृत्त झाले, पण ह्यांनी कोथिंबीरसुद्धा विचारली नाही. नुसते खिडकीशी बसून राहायचे. मला तेच जास्त टोचायचं.

दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत ह्यांच्या हॅम रेडिओच्या खुणा. रेडिओवर गाठ पडली की एकमेकांना पोस्टाने पाठवायची ती क्यूएसएल कार्डं, मोर्सचं कट्टकट्ट करणारं बटण, आणि तळाशी सरकारी परवाना. मुदत संपायच्या आत दर वेळी नूतनीकरण केलेला! घरात सेट नाही, गच्चीवर तार नाही, आणि परवाना मात्र जिवंत. मला काय वाटलं असेल, तुम्हीच समजा.

कारण ती तार मीच उतरवायला लावली होती. साल १९८७. रविवारी सकाळी सगळा वाडा 'रामायण' बघायला एका टीव्हीपुढे हात जोडून बसलेला, आणि हे नेमके तेव्हाच बोलायला लागले की पडद्यावर आडव्या रेघा! शेजारणींचे टोमणे मला ऐकावे लागत. एक दिवस मी म्हटलं, "तार तरी राहील, नाही तर मी तरी." हे काही बोलले नाहीत. सेट मित्राला देऊन टाकला. नंतर मी ते विसरूनही गेले.

ट्रंक ह्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "लावा पुन्हा."

आता गच्चीवर माझ्या कपड्यांच्या दोरीच्या वर वीसेक मीटर तांब्याची तार आहे. (दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, विजेच्या तारांपासून चांगली लांब. पावसाचं गडगडू लागलं की केबल आधी काढून ठेवायची. हे मात्र विसरू नका बरं.) लहरी वर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून एवढ्याशा तारेवर सकाळी नागपूर, बंगलोर ऐकू येतं. हल्ली त्रास उलटा झालाय. स्वस्तातला एलईडी दिवा लावला की ह्यांच्या रेडिओत खरखर!

"मोबाइल असताना हे कशाला?" असं माझी सूनही म्हणाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद ह्याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि त्यांच्या रेडिओवरून कितीतरी घरांना आपल्या माणसांची खुशाली कळली. सूनबाई गप्प.

ह्या मंडळींच्या भाषेत परवानाधारक बाई, वय कितीही असो, 'वायएल', म्हणजे यंग लेडी. आणि हॅमची नुसती बायको 'एक्सवायएल', म्हणजे माजी तरुणी! हे मला मुळीच पटलं नाही. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येते आणि खालच्या श्रेणीला मोर्सही लागत नाही, म्हणून नातवाबरोबर मीही पुस्तक आणलंय. नियमांचा भाग पाठ झाला, विजेची गणितं अडताहेत. दुपारी हे शिकवतात, आणि चुकलं की माझ्यावर चक्क ओरडतात.