आगबोटींचे युद्ध कोण आठवतो?

दरवर्षी 4 डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. 2023 साली तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला. शिवरायांचे आरमार आणि 1971 चा कराचीवरचा हल्ला, दोन्हींचा अभिमान मलाही आहे. पण मधल्या काळात आपल्या माणसांनी समुद्रावर काहीच केले नाही का?

आमच्या महाड-पोलादपूरकडच्या माणसाला पूर्वी मुंबई गाठायची तर सावित्रीतून मचव्याने बाणकोट आणि तिथून आगबोट. आगबोट म्हणजे तेव्हाची एस.टी.च म्हणा ना! दुसरे महायुद्ध पेटले आणि सरकारने किनाऱ्यावरच्या अशा कितीतरी बोटी ताब्यात घेतल्या. तोफा बसवून त्यांना गस्तीला धाडले. विलायतेत मासेमारीच्या ट्रॉलरांचेही हेच झाले.

प्रभावती त्यातलीच एक. डिसेंबर 1941 मध्ये, जपान युद्धात उतरल्यावर दोन-तीन दिवसांतच, ती अरबी समुद्रात दोन पडाव घेऊन चालली होती. रात्रीच्या अंधारात ब्रिटिशांच्या ग्लासगो या क्रूझरला ती जपानी पाणबुडी वाटली. 6 इंची तोफांनी तिला बुडवले. शत्रूने नव्हे, आपल्याच बाजूच्या जहाजाने!

रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि 600 हून अधिक माणसे गेली, हे रायगडात आजही सांगतात. तीच रामदास युद्धात नौदलाच्या सेवेत होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, "ती तर इंग्रजांची चाकरी, तिचा कसला अभिमान?" मग मला सांगा, फेब्रुवारी 1946 मध्ये बंड करणाऱ्या नौसैनिकांचे स्मारक आपण कुलाब्याला उभारले, ते कोणत्या नौदलातले होते? याच रॉयल इंडियन नेव्हीतले! बंड करणारा आपला आणि चार वर्षे आधी बुडालेला परका, हा कुठला न्याय? दोघेही बहुधा पोटासाठीच बोटीवर चढले होते.

इंग्लंडात लोस्टॉफ्ट गावी, ट्रॉलरसारख्या लहान बोटींवर गेलेल्या 2,300 हून अधिक जणांची नावे भर बागेत कोरलेली आहेत. ज्यांना समाधीही मिळाली नाही अशा आपल्या खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये एका वहीत आहेत. ती वही उघडायला कोण जातो?

शाळेत आरमार शिकवताना सरखेलाबरोबर खलाशीही शिकवा. बाणकोटला किंवा आमच्या दासगावच्या बंदरावर एक साधा फलक लावा, की या किनाऱ्याच्या आगबोटी युद्धावर गेल्या आणि काही परतल्या नाहीत. फलकाला पुतळ्याएवढा खर्च येत नाही. आणि वाऱ्याने तो कोसळलाच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा करता येतो.