बाजारातला हिशेब आणि शाळेतले गणित

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटेपासून गोण्या उतरतात, भाव ठरतात, हिशेब तोंडी होतात. अशा कष्टाच्या घरातून आलेल्या मुलावर शाळेत 'गणितात कच्चा' असा शिक्का बसला, तर दोष कोणाचा?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांची व ४७१ शाळकरी मुलांची चाचणी घेतली. वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे यांचे ३७ रुपये होतात, असे हिशेब विक्रेती मुले बहुधा अचूक करीत. पुस्तकी उदाहरणांत मात्र ती अडखळत. उलट, बाजारातले एक उदाहरण एकतृतीयांशाहून अधिक विक्रेत्या मुलांनी सोडवले; शाळकरी मुलांपैकी केवळ एक टक्क्याला ते जमले.

वाशीच्या खाडीपलीकडे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनीही धारावीतील मुलांच्या अशाच व्यवहारज्ञानाचा अभ्यास केला आहे.

ही दरी सांधण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीचे गणिती प्रतिमान मांडणे. समजा, ५० किलो कांद्याची गोणी १,००० रुपयांना घेतली. हमाली व वाहतूक १०० रुपये. तोटा होऊ नये म्हणून भाव किती? ५० ने भागल्यास २२ रुपये. पण पाच किलो कांदा सडला तर? मग ४५ ने भागावे लागेल. भाव साधारण साडेचोवीस रुपये. किती सडेल हा अंदाज बांधणे, तो तपासणे, बदलणे आणि अखेर सूत्रात लिहिणे, हेच खरे गणित. येथे कष्टकऱ्याच्या मुलाचे ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडते आणि त्याला बीजगणिताचे दारही उघडते.

मात्र यातून बालमजुरीचे गोडवे गाऊ नयेत. मुलाची जागा शाळेतच आहे. गरिबांसाठी सोपे गणित नको. तेच गणित, पण त्यांच्या जगातून सुरू होणारे हवे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात कॅथलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी घ्यावी, असे आवर्जून सांगितले. आपल्या शाळा व धर्मग्रामांतील अभ्यासवर्ग यांनी ही काळजी केवळ फी-सवलतीपुरती न ठेवता फळ्यापर्यंत न्यावी. 'कच्चा' म्हणण्यापूर्वी त्या मुलाला काय येते, एवढे तरी आपण विचारू या.