नेम पोराचा, दोष काडीचा

नेम चुकला की बोलणी पोरालाच बसतात. खांदा उचलला, दोरी नीट सोडली नाही, लक्ष भलतीकडे होतं! बाणाची काडी त्या धनुष्याला जुळते का, हे मात्र क्वचितच कुणी बघतं.

तुळजाभवानीच्या आठ हातांपैकी एकात धनुष्य आहे, एकात बाण. तिच्या तुळजापुरात शाळाशाळांतून तिरंदाजी रुजावी, असं वाटणं साहजिक आहे. तिरंदाजीत फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुराच्या घरातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली.

खेड्यातली बरीच मुलं बांबूच्या धनुष्यावर, म्हणजे ‘इंडियन राउंड’मध्ये, हात बसवतात. जुन्या शिकारी तिरकामठ्याची अडचण इथेही आहे. आधुनिक धनुष्याची मूठ मधोमध कोरलेली असते, त्यामुळे बाणाला वाट मोकळी मिळते. साध्या धनुष्यात मूठच आड येते. बोटं सुटली की दोरी जराशी बाजूला सरकते, मागून जोराचा रेटा बसतो, काडी लचकते आणि पाण्यातल्या मासोळीसारखी अंग वळवत मुठीला बगल देऊन निघून जाते. हे सगळं इतक्या झटक्यात घडतं की डोळ्याला दिसत नाही.

काडी फार ताठ असली तर ती ही बगल देऊच शकत नाही; उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असली तर उजवीकडे. पोराची चूक दोन्ही वेळा नसते.

ताठपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. २८ इंचांवर दोन आधार ठेवायचे, काडी आडवी टाकायची, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती झुकते ते बघायचं. अर्धा इंच झुकली तर तिचा आकडा ५००. आकडा मोठा तितकी काडी लवचीक. लांब काडी आणि जड टोक यांनीही बाण मऊ वागतो. बांबूची तर गोष्टच वेगळी: एकाच बेटातल्या दोन काड्या सारख्या निघतील याची खात्री नाही.

म्हणून शाळेने सगळ्या वर्गासाठी एकाच मापाचे बाण घेणं म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरचे बूट देणं होय. पैसे मोजकेच असतील, तर धनुष्य थोडं साधं घ्यावं, पण बाण मात्र ओढीच्या पौंडांप्रमाणे दोन-तीन मापांचे घ्यावेत. प्रत्येक काडीवर तिचा आकडा लिहावा. वर्षभरात मूल उंच होतं, त्याची ओढ वाढते. तेव्हा माप पुन्हा घ्यावं आणि त्याचे जुने बाण धाकट्यांच्या धनुष्यावर लावून बघावेत.