पाहुणे कच्छचे, मुक्काम कांजूरचा



मागील अंकातील राणकपूरवरील लेखानंतर काही वाचकांनी विचारले, की छायाचित्रांसाठी दर वेळी दूरच जावे लागते काय? आपल्या घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात कॅमेरा उचलण्याजोगे काहीच नाही काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या घराच्या गच्चीवरून दिसते.

मी राहतो त्या कांजूरमार्गाची ख्याती फारशी स्पृहणीय नाही. मध्य रेल्वेवरील विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्थानक. पश्चिमेस पवईकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची व नोकरदारांची गर्दी; पूर्वेस मिठागरे, द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे महानगराचा कचरा. वारा खाडीकडून वाहू लागला, की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कचराभूमी संरक्षित वनाचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. कचरा अर्थातच येतच आहे. परंतु त्याच दिशेने, तिवरांचा हिरवा पट्टा ओलांडून दृष्टी पुढे नेली, तर नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत ओहोटीच्या वेळी चिखलावर एक फिकट गुलाबी रेघ ओढलेली दिसते. दुर्बीण लावली की त्या रेघेचे पक्षी होतात.

हे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात. आपल्या गुजराती वाचकांचा हा सुरखाब, त्यांच्या राज्याचा मानाचा पक्षी. ठाणे खाडीत याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चार फुटांहून उंच, अंगाने बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाशी काळी. लहान रोहित जेमतेम तीन फुटांचा, रंगाने अधिक गडद, आणि चोच इतकी गर्द लाल की दुरून काळीच भासते. आपल्या खाडीत लहानांचीच संख्या फार मोठी. हंगामात दोन्ही जाती मिळून गणना लाखाच्या पुढे गेलेली आहे. खाडीचा काही भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

लाखभर पक्षी या घाणेरड्या पाण्यात का येतात, याचे उत्तर ऐकायला सुखद नाही. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतील बारीक पट्ट्यांच्या चाळणीतून अन्न गाळून घेतो. लहान रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे नीलहरित शैवाल, आणि त्याचा गुलाबी रंगही त्या शैवालातूनच येतो. महानगराचे सांडपाणी खाडीत मिसळते, त्याने शैवाल माजते, आणि आपल्या सांडपाण्यावर वाढलेले ते शैवाल खाऊन हे पक्षी गुलाबी होतात. छायाचित्रात यातले काही दिसत नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कच्छी कुटुंब राहते. त्यांच्या आजोबांनी मांडवी तालुक्यातील गाव सोडून मुंबईत धान्याचे दुकान घातले. त्या घरातील वडीलधारे गृहस्थ एकदा माझ्यासोबत गच्चीवर आले, बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिले आणि म्हणाले, "भाई, हे तर आमच्याच गावचे! पाऊस आला की देशात जातात, हंगाम आला की मुंबईत धंद्याला येतात." थट्टेत बोलले, पण शास्त्राने ते खरे ठरविले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये येथील सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रे बसविली. एकाचे नाव ठेवले हुमायून, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. दुसऱ्याचे खेंगारजी, कच्छच्या महारावांवरून. पावसाळा सुरू होताच हुमायून गुजरातेत भावनगरच्या बाजूला पोहोचल्याचे यंत्राने दाखविले.

या पक्ष्यांचे माहेर म्हणजे कच्छचे रण. पावसाचे पाणी रणात साचले की ते चिखलाच्या बुटक्या उतरंडीसारखी घरटी बांधतात आणि प्रत्येक घरट्यात एकच अंडे घालतात. सालिम अली १९४५ साली मोठ्या रणातील त्या वसाहतीपर्यंत पोहोचले आणि तेथे सुमारे पाच लाख मोठे रोहित असावेत, असा अंदाज त्यांनी नोंदविला. 'फ्लेमिंगो सिटी' हे नाव तेव्हापासून जगभर झाले. सामान्य प्रवाशाला मात्र तेथे जाता येत नाही. प्रदेश सीमेलगतचा आहे आणि पाणी असताना वाट नसते. मी भद्रेश्वर आणि कोडायच्या बहात्तर जिनालयाचे दर्शन घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर जे पाच-पन्नास रोहित पाहिले, त्यावरच समाधान मानले. छायाचित्रे बेताचीच आली.

परदेशात मात्र एकदा पोटभर पाहायला मिळाले. पत्नीचे मामेभाऊ नैरोबीत हार्डवेअरच्या व्यापारात आहेत. हालारातून गेलेल्या ओसवाल कुटुंबांनी पूर्व आफ्रिकेत काय उभे केले, ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. त्यांच्या आग्रहावरून आम्ही नाकुरू सरोवर पाहण्यास गेलो. पुस्तकांत वाचले होते की तेथे किनारा दिसत नाही, केवळ गुलाबी रंग दिसतो. प्रत्यक्षात सरोवराचे पाणी गेल्या काही वर्षांत इतके वाढले आहे, की काठची झाडे पाण्यात उभी राहून वाळली आहेत. पाणी वाढले तसा क्षार पातळ झाला, शैवाल घटले आणि पक्षी निघून गेले. ते कोठे गेले, असे विचारताच आमच्या वाहनचालकाने उत्तरेला बोगोरिया सरोवराकडे बोट दाखविले.

बोगोरियाला उकळत्या पाण्याचे झरे आहेत. काठावर वाफेचे लोट, मागे डोंगराची भिंत, आणि मध्ये पाण्याला लागून लहान रोहितांची दाट रांग. वाहनचालकाने लांबच इंजिन बंद केले. आणखी थोडे पुढे घ्या, असे सोबतच्या एका प्रवाशाने सुचविले, तेव्हा त्याने सौम्यपणे पण ठाम नकार दिला. आम्ही पाऊण तास बसून राहिलो. हळूहळू चरत चरत ती रांगच आमच्या दिशेने सरकली आणि शेवटी ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये एकेकाच्या चोचीवरील पाण्याचा थेंब दिसू लागला.

येथे माझ्यातील व्यापाऱ्याला एक गोष्ट जाणवली. कच्छचे रण असो, कांजूरची मिठागरे असोत वा आफ्रिकेतील सोड्याची सरोवरे, जेथे मीठ अथवा क्षार आहे तेथे हा पक्षी आहे, आणि तेथेच माणसाचा धंदाही आहे. टांझानियातील नेट्रॉन सरोवरावर पूर्व आफ्रिकेतील लहान रोहितांची जवळजवळ सर्व वीण होते. त्याच सरोवरावर सोडा ॲशचा मोठा कारखाना काढण्याची योजना २००६-०७ च्या सुमारास पुढे आली होती. तीत आपल्याच देशातील एका मोठ्या उद्योगसमूहाचा सहभाग होता. बराच विरोध झाल्यावर ती मागे पडली. काच आणि धुण्याची पावडर यांना सोडा ॲश लागते. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांत त्या पावडरीची पाकिटे असतात. मी या योजनेच्या विरोधातील माणूस आहे, असे सांगून मोकळा होणार नाही. धंदा करणाऱ्याने हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. मात्र त्या हिशेबात पक्ष्यांचे खाते उघडलेच नसेल, तर तो हिशेब अपुराच म्हणावा लागेल.

आता आपल्या खाडीतील प्रसंग. गतवर्षी फेब्रुवारीत एका हौशी समूहासोबत मी खासगी बोटीने खाडीत गेलो. आम्ही आठजण होतो. गळ्यात लाखालाखाच्या लेन्स. पक्षी शांतपणे चरत होते. तेवढ्यात एकाने तांडेलाच्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि म्हणाला, "जरा उडवा ना!" तांडेलाने इंजिनाचा आवाज चढवून बोट थेट थव्यावर घातली. हजारभर पक्षी चिखलावरून धावत सुटले. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही, पंख फडफडवीत काही पावले धावावे लागते. मग लाल-काळे पंख उघडून सारा थवा आभाळात गेला, आणि बोटीवर आठांपैकी सात कॅमेरे यंत्रासारखे वाजू लागले.

मी तांडेलाजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "दादा, इंजिन बंद करा."

"शेठ, बाकीच्यांनी पैसे दिलेत ना. उडवल्याशिवाय फोटो येत नाय, असं सगळेच सांगतात."

"खरंच येत नाही?"

तो हसला. "पाण्याला वेळ द्या. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं की आपणहून उठतात. पण थांबतंय कोण?"

हा संवाद मी मुद्दाम जसाच्या तसा दिला आहे, कारण त्यात छायाचित्रणाचा असा धडा आहे, जो मला कोणत्याही महागड्या कार्यशाळेत मिळाला नाही. चिखल उघडा असतो तो ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच तास. तेवढीच त्यांच्या दुकानाची वेळ. दिवसाच्या विक्रीच्या ऐन तासाला कोणी येऊन शटर पाडले, पुन्हा उघडायला अर्धा तास लावला, आणि असे दिवसातून चार वेळा केले, तर आपले काय होईल? मेअखेरीस याच पक्ष्यांना शेकडो किलोमीटरचा पल्ला गाठायचा असतो. अंगात चरबी साठवायची ती याच चिखलावर. शिवाय त्या दिवशीची छायाचित्रे नंतर एका प्रदर्शनात लागली आणि त्यांपैकी एकास पारितोषिकही मिळाले. छायाचित्र देखणे होते, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्यातील थवा सर्व दिशांना फाटलेला आहे. जाणकाराला ती भीती ताबडतोब दिसते. आपणहून उठलेला थवा रांगेने उठतो आणि एकाच दिशेस जातो.

तांडेलाने सांगितलेल्या वेळेचे गणित आपल्या वाचकांना अवघड नाही. कोळी बांधवांचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्दशीस साडेदहा. शुद्ध वा वद्य, पक्ष कोणताही असो, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आतल्या बाजूस थोडा उशीर धरावा. आठम-चौदस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते, तेव्हा वेगळे कोष्टक जवळ बाळगण्याची गरज नाही. छायाचित्रासाठी हवी ती सकाळची कोवळी उन्हे आणि चढते पाणी. द्वितीयेस भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. आठपासून पाणी चढू लागते, पक्षी पाण्यासोबत काठाकडे सरकतात, आणि दहा-अकराच्या दरम्यान चिखल बुडाला की थवे उठून नवी मुंबईकडील पाणथळींवर विसाव्याला जातात. उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र त्या वेळी फुकट मिळते.

कॅमेऱ्याविषयी दोनच गोष्टी. चिखल काळा आणि पक्षी फिकट असल्याने कॅमेरा चिखलाला भुलून चित्र अधिक उजळ करतो आणि पंखांतील नाजूक गुलाबी छटा पांढऱ्यात हरवते. म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे. उडत्या पक्ष्यास शटरचा वेग एक सेकंदाचा हजारावा भाग अथवा त्याहून जलद. बोटीवर तिवईचा उपयोग नाही. तांदळाने भरलेली लहान पिशवी काठावर ठेवून तीवर लेन्स टेकवावी. ड्रोन मात्र कोणी आणू नये. परवानगीशिवाय तो चालतच नाही, आणि त्याच्या आवाजाने पक्षी बोटीपेक्षाही अधिक बिथरतात.

घाटकोपरच्या वाचकांना २० मे २०२४ ची रात्र स्मरत असेल. उतरणीस लागलेल्या एका विमानाची घाटकोपर पूर्वेवरून जाणाऱ्या रोहितांच्या थव्याशी धडक झाली आणि तीसहून अधिक पक्षी वस्तीत मरून पडले. विमान सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी त्या पंखांची छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर फिरली. थवा रात्री त्या वाटेवर का आला, यावर पुष्कळ चर्चा झाली. कोणी पाणथळींतील गडबडीकडे बोट दाखविले, कोणी खाडीतील विजेच्या तारांकडे. नवी मुंबईत नेरूळच्या तलावाचे भरतीचे पाणी अडल्याने तेथील पक्ष्यांचे हाल त्याच उन्हाळ्यात गाजले होते. चढत्या पाण्यावरून उठलेला थवा ज्या ठिकाणी विसावतो, ती जागाच बुजली, तर भरतीच्या वेळी तो कोठे उतरणार, हा प्रश्न माझ्यापुरता तेव्हापासून छायाचित्रणाचाच भाग झाला आहे. द्वितीयेच्या सकाळी खाडीवरून उठणारे थवे मी आता केवळ टिपत नाही; ते कोणत्या बाजूस गेले आणि किती वाजता, हेही वहीत मांडून ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरील कच्छी गृहस्थ ती वही दुकानाच्या रोजमेळासारखी तपासतात आणि एखादा दिवस कोरा राहिला तर जाब विचारतात.

ज्यांना यायचे असेल त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणारी बोट घ्यावी; तिच्या वेळा भरती पाहूनच ठरतात, म्हणून आधी चौकशी करून जागा नोंदवावी. भांडुप उदंचन केंद्राकडील रस्त्यावरूनही किनाऱ्याचे पक्षी पायी पाहता येतात. तेथे सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे, सोबत पाणी आणि टोपी असावी. रंग सर्वांत गडद असतो तो एप्रिल-मेमध्ये. वैशाख शुद्ध तृतीयेची सकाळही हिशेबाने उत्तम, परंतु त्या दिवशी अक्षय तृतीया; घरोघरी वर्षीतपाची पारणी असतात आणि उसाच्या रसाचे निमंत्रण कोणाला मोडवत नाही. म्हणून आम्ही द्वितीयेलाच निघतो.