अनुताई वाघ आणि फडावरची पोरं



गाळप हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्याच्या वहीत सगळ्याची नोंद होते. लागण कुठल्या तारखेची, जात कुठली, क्षेत्र किती, टोळीत कोयते किती, मुकादम कोण, वाहन कसलं. टोळीबरोबर पोरं किती आली, याला मात्र त्या वहीत रकाना नाही. हा रकाना का असावा, हे सांगण्यासाठी आम्ही आज एका शिक्षिकेची आठवण काढणार आहोत. त्यांचा आणि उसाचा काही संबंध नव्हता. पण आपल्या फडावरचा जो प्रश्न आहे, तोच त्यांनी दुसऱ्या जागी उभा जन्म घालवून सोडवला.

त्यांचं नाव अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा, म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातला. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत कपाळाचं कुंकू गेलं. त्या काळात अशा पोरीच्या वाट्याला चूल आणि कोपरा, एवढंच येई. अनुताई शिकल्या. पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवलं, पुढं पुण्याच्या हुजूरपागेत लागल्या. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत अभ्यास करून मॅट्रिक झाल्या. बी. ए. तर पन्नाशी ओलांडल्यावर. शिकायचं वय निघून गेलं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९४५ साली बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर भरलं. तिथं त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. बोरिवलीपासून भाईंदरची खारी रेल्वेनं जेमतेम तीन स्टेशनं. आज त्या सगळ्या पट्ट्यात इमारतीला इमारत लागून आहे. त्या वेळी तिथं शेतं होती आणि मिठागरं होती. ताराबाई बालशिक्षणातलं मोठं नाव, पण शहरातल्या बालमंदिरावर त्यांचं समाधान होईना. ही गोष्ट खेड्यात, गरिबाच्या पोरापर्यंत गेली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. अनुताईंनी पुण्याची कायमची नोकरी सोडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणूजवळच्या बोर्डी गावी ताराबाईंच्या बालवाडीच्या कामाला लागल्या. वय पस्तीस. नोकरदार माणूस ज्या वयात पेन्शनचा हिशोब मांडायला लागतो, त्या वयात बाईंनी पाटी कोरी केली.

दहा-बारा वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शेतीच्या माणसाला कोसबाड ठाऊक आहे ते तिथल्या कृषी संस्थेमुळं. त्याच टेकडीवर वारली आदिवासींच्या पाड्यांत या दोघींनी शाळा मांडली. आणि इथून पुढचा भाग आपण नीट वाचावा, कारण तो आपल्या कामाचा आहे.

पोरं शाळेत येईनात. का येईनात? आईबाप दिवस उगवायच्या आत मजुरीला जात. मोठी पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसे. जरा मोठा झालेला पोरगा गुरं घेऊन रानात जाई. आता सरकारी पद्धतीनं विचार केला तर हजेरीपटावर गैरहजर मांडायचं, पालक अडाणी आहेत असा शेरा मारायचा आणि मोकळं व्हायचं. ताराबाई-अनुताईंनी तसं केलं नाही. पोरं येत नाहीत, तर शाळा पोरांकडं जाईल, असा त्यांनी सरळ हिशोब केला. पाड्यात, झोपडीच्या अंगणात पोरं गोळा करून शिकवायचं, ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथंच गुराख्यांना शिकवायचं, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. धाकट्याला बालवाडीत सांभाळलं की थोरली शिकायला मोकळी. आधी पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग अक्षरं. साधनं विकतची नव्हेत. बिया, शिंपले, खडे, पानं, माती.

अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव आहे. १९७५ साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली आणि तिच्यामागून तो देशभर पोचला. पण ती कल्पना आधी अशी पाड्यातल्या अंगणात, दारिद्र्याशी झगडून रुजली होती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी गाडा एकटीनं पुढं ओढला. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या वारल्या. बोर्डीला आल्यापासून सत्तेचाळीस वर्षं. शिक्षक अठ्ठावन्नला निवृत्त होतो, या बाई ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत कामावर होत्या.

आता आपल्या फडाकडं या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं, हे आपण जाणता. पण त्या कोयत्याबरोबर दोन-तीन पोरंही येतात, ती हिशोबात नसतात. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून दिवाळीच्या सुमारास ही माणसं निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. शाळेचं निम्मं वर्ष फडात जातं. पहाटे अंधारात आईबाप तोडीला लागतात. थोरली पोर कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, दहा-बारा वर्षांचा पोरगा वाढं गोळा करतो, मोळीला हात लावतो. कोसबाडच्या पाड्याचं हे हुबेहूब चित्र आहे की नाही, आपणच सांगा. आज जी पोर कोपीत बसली आहे, तिच्या हातात उद्या कोयता येणार. उचल बापाची फिटत नाही आणि कोयता पोरीचा सुटत नाही.

यावर काही झालंच नाही असं नाही. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. काही चालल्या, काही बंद पडल्या. पोरं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्या पोरासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदाही लागू आहे. पण साखरशाळा कारखान्याच्या तळावर, आणि ट्रक-ट्रॅक्टरची टोळी फडाच्या कडेला, आठ-दहा किलोमीटरवर. बैलगाडीवाल्यांच्या पोरांना ती कामी येते, बाकीच्यांना नाही. पुन्हा तेच, शाळा एकीकडं आणि पोरं दुसरीकडं.

कुणी म्हणेल, हे काम मुकादमाचं, नाहीतर सरकारचं. सभासदाचा काय संबंध? आमचं म्हणणं असं की ऊस आपला, फड आपला, आणि कारखान्याचे मालकही आपणच. टोळी वेळेवर यावी म्हणून आपण गट कार्यालयात खेपा घालतो. तर टोळीबरोबर आलेलं पोर परकं कसं? आणि टोळी फिरती असते, तिथं शाळा कशी टिकणार, असं म्हणाल तर गुरंही एका जागी चरत नाहीत. तरी कुरणशाळा चालली.

आमची मागणी फार खर्चाची नाही. पहिलं, टोळी उतरली की स्लिप बॉयनं कोयत्यांबरोबर पोरांचीही नोंद घ्यावी, वय आणि इयत्तेसकट. दुसरं, ती यादी गटातल्या जिल्हा परिषद शाळेला आणि अंगणवाडी सेविकेला त्याच आठवड्यात पोचावी. हमी कार्ड असेल तर त्यासह. तिसरं, ज्याच्या रानात तोड आहे त्या सभासदानं वस्तीवरची एखादी पडवी, नाहीतर झाडाखालची झाडून घेतलेली जागा द्यावी. गावातली शिकलेली सून किंवा निवृत्त गुरुजी दोन तास बसले तरी पुष्कळ. त्यांचं मानधन कारखान्यानं द्यावं. चौथं, आपल्या फडात पोराच्या डोक्यावर मोळी दिसली तर ती सभासदानं स्वतः उतरवावी. याला कुणाच्या ठरावाची गरज नाही.

पहिल्या तीन गोष्टी येत्या वार्षिक सभेत मांडाव्यात, अशी आम्ही प्रत्येक गटातल्या सभासदांना विनंती करतो. पोरांच्या नोंदीचा कागद शेतकी खात्यात तयार करून ठेवायचं काम आमच्याकडं. सभेनं हात वर केला की पहिल्या टोळीपासून तो भरायला घेऊ.