चुन्याची निवळी, उत्तरार्ध

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी ठाण्यातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये पालथा पडून, टाकीखालच्या कपाटात अर्धा शिरून, कॅल्शियम रिअ‍ॅक्टर जोडत होतो. मित्र वरून टॉर्च धरून उभा होता. समुद्री अ‍ॅक्वेरियमची हौस त्याची, पाइप आणि वायर्सची हौस माझी. हे आधीच सांगतो, कारण पुढे जो राग काढणार आहे त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

काम मजेचं होतं, हे नाकारत नाही. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून सांगाडा बांधतात. समुद्राला त्याचा फरक पडत नाही, तीनशे लिटरच्या टाकीला काही दिवसांतच पडतो. मग हा रिअ‍ॅक्टर. अ‍ॅक्रिलिकचं नळकांडं, त्यात चुनखडीचे तुकडे, त्यातून गोल फिरणारं टाकीचं पाणी आणि त्यात सिलिंडरमधून थेंबाथेंबानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड. आतला पीएच साडेसहाच्या आसपास आला की तुकडे विरघळतात आणि ते पाणी संपमध्ये ठिबकत राहतं.

मित्राला बाहेरच्या नळीवर सुईसारखी बारीक व्हॉल्व्ह लावायची होती. मी नाही म्हटलं. तिच्यात बारीक कचरा अडकतो, ठिबक मंदावते आणि टाकीची अल्कलिनिटी आठवड्याभरात घसरते. त्याऐवजी बाहेर पडणाऱ्या बाजूला पेरिस्टाल्टिक पंप बसवला. तो नळी पिळून पाणी ओढतो, त्यामुळे वेग ठरलेला राहतो. बाहेर येणाऱ्या पाण्यात उरलेला वायू असतोच, तो टाकीचा पीएच पाडतो, म्हणून पुढे दुसरं नळकांडं. सिलिंडर आणि रिअ‍ॅक्टरच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह, नाहीतर पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये. मग पीएच कंट्रोलर आणि सोलेनॉइड. साडेसहाच्या खाली गेलं की बंद, वर गेलं की चालू. शुद्ध इफ-एल्स. सोलेनॉइड उघडा अडकला तर काय, यावर आम्ही चहाचे दोन कप घालवले.

मग मित्रानं पिशवी फोडली. "हे भर." पिशवीवर लिहिलं होतं, मीडिया.

मी मूठभर ओतलं आणि एक तुकडा उजेडात धरला. करंगळीएवढी फांदी आणि तिच्यावर ओळीनं चांदणीसारखे बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात कधीतरी एकेक जीव बसलेला असणार. तो प्रवाळाचाच सांगाडा होता. मीडिया म्हणून आपण जे विकत घेतो त्यात हे बरेचदा असतं. प्रवाळ विरघळवायचे आणि प्रवाळांना पाजायचे. "मेलेलंच आहे ना," मित्र म्हणाला. मी नळकांडं भरलं, झाकणाचे स्क्रू आवळले, त्याच्या आईनं केलेली कोलंबीची खिचडी खाल्ली आणि घरी आलो.

शाळेतला प्रयोग आठवतो? चुन्याच्या निवळीत स्ट्रॉनं फुंकायचं, पाणी दुधाळ होतं. बाई तिथेच थांबायच्या, कारण परीक्षेत तेवढंच यायचं. पण फुंकत राहिलात तर दुधाळ पाणी पुन्हा निवळतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे खाली बसू पाहणारी चुनखडी परत विरघळते. रिअ‍ॅक्टर म्हणजे प्रयोगाचा हा उत्तरार्ध, चोवीस तास चालणारा. आणि याच दिशेनं आपण समुद्रातही फुंकतोय. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, साडेसहा वगैरे काही नाही. पण औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. लॉगरिदमची पट्टी असल्यामुळे ०.१ म्हणजे हायड्रोजन आयन २६ टक्के जास्त. सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट त्या प्रमाणात दुर्मीळ.

हे सगळं माहीत असलेली माणसंच टाकीसमोर उभं राहून "आम्ही रीफ वाचवतोय" म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. हौस आहे म्हणा. निळ्या दिव्याखाली सुंदर दिसतं म्हणा. संवर्धन म्हणू नका. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचं पाणी तापलं, तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले होते. ते संवर्धन. नोंदी ठेवून, परत नेण्यासाठी. तुमच्या हॉलमधून कोणता तुकडा परत समुद्रात जाणार आहे?

शिवाय आपल्याकडे प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही. २००१पासून भारतात सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या रांगेत. आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लागतो तो याच प्रवाळांसाठी. मासे आणि मऊ प्रवाळांच्या टाकीचं पाणी बदलून भागतं. फार तर टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी (हौशी लोक तिला कालक्वासर म्हणतात, जर्मनमध्ये म्हटलं की महाग विकता येते). म्हणजे घरात रिअ‍ॅक्टर आहे, एवढं कळलं तरी टाकीत काय आहे हे कळतं. "टाकीतच वाढवलेला फ्रॅग आहे" हे विकणारा सांगतो, आणि त्याच्या शब्दापलीकडे तुमच्याकडे काहीही नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. सरकार कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घालतं, ते चालतं? नाही चालत. २०२०मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. त्यावर जरूर भांडा, मीही येतो. पण मुंबईच्या त्या गढूळ, सांडपाण्याच्या समुद्रातसुद्धा प्रवाळ जगतात हे आपल्यातल्या कितीजणांनी ओहोटीला जाऊन पाहिलंय? भरावाविरुद्धचा मुद्दा हा फ्रॅग विकत घेण्याच्या बाजूचा मुद्दा होत नाही.

कायदा मला त्या रविवारीही माहीत होता. नळ्यांची मोजमापं घेताना मी तो काढला नाही, कारण मग पेरिस्टाल्टिक पंप बसवायला मिळाला नसता. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. सिस्टिम कशासाठी बांधतोय हे विचारण्याआधी आपण तिचे एज केसेस सोडवायला बसतो.

महिन्यानंतर मी मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जोडून झाल्यावर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंट्रोलरच्या अलर्टमध्ये त्यानं माझा नंबर टाकला होता, तो अजून काढलेला नाही. परवा रात्री दोन वाजता मेसेज आला, पीएच ६.३१. प्रोब कॅलिब्रेट करायला झालाय.