नाव विचारावे कोणाला?

विजय नगरचा मोठा भाग इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ मध्ये मोडतो. येथल्या रिक्षावाल्यास 'स्कीम चौवन' एवढे सांगितले म्हणजे पुरते. हाच शब्द पुण्यात स्वारगेटवर उच्चारला तर ऐकणारा मान हलवील, आणि त्यात त्याचा दोष काहीच नसेल. गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात उद्भवलेला घोटाळा याच जातीचा होता. ज्यांच्या दुकानात, संस्थेत वा मंडळाच्या कचेरीत अशी यंत्रे आहेत, त्यांच्यासाठी तो सांगतो.

शाळेतील सर्व संगणकांची ये-जा लिनक्सवर चालणाऱ्या एका प्रॉक्सी सर्व्हरमधून होते. त्यावर 'स्क्विड' नावाची प्रणाली बसविलेली आहे. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढविली आणि दुसऱ्या दिवशी विचित्र प्रकार दिसला. जगभरची संकेतस्थळे उघडत. शेजारच्याच खोलीतील 'ग्रंथालय' या यंत्राचे नाव टाकताच मात्र 'असे नाव नाही' असे उत्तर येई. त्या यंत्रात पुस्तकांच्या यादीबरोबर विद्यार्थ्यांच्या सहा वर्षांच्या गुणनोंदी होत्या. यंत्र बिघडले आहे, ते पुसून नव्याने बसवावे, असा सल्ला एका माहीतगार म्हणविणाऱ्या गृहस्थांनी दिला. तो मानला असता तर नोंदी कायमच्या गेल्या असत्या.

वास्तविक यंत्र धडधाकट होते. नावाऐवजी आकडी पत्ता टाकताच ते उघडले. म्हणजे रस्ता शाबूत होता, हरवले होते ते केवळ नाव. काही पुसण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी.

पुढची गोष्ट पुष्कळांस चकविते. प्रॉक्सी मध्ये असली म्हणजे विद्यार्थ्याच्या संगणकातील ब्राउझर नावाचा शोध स्वतः घेत नाही. तो ते जसेच्या तसे प्रॉक्सीकडे सोपवितो आणि पत्ता तेथे काढला जातो. म्हणून आपल्या टेबलावरून 'पिंग' यशस्वी झाले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय स्क्विड त्या सर्व्हरच्या घरात राहूनही वेगळी चूल मांडतो: नेमसर्व्हरला तो स्वतःच विचारतो, आणि कोणास विचारावे हे 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलीत पाहतो.

घोटाळा नेमका तेथे होता. जुन्या फाइलीत शाळेतल्या नेमसर्व्हरचा पत्ता होता. आवृत्ती बदलताना ती फाइल नव्याने लिहिली गेली आणि तेथे बाहेरचा पत्ता आला.

कोणी म्हणेल, मग दोन्ही पत्ते लिहावेत. एकास ठाऊक नसेल तर दुसरा सांगेल. ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ती चुकीची आहे. दुसऱ्याकडे विचारणा जाते ती पहिला गप्प राहिला तरच. 'असे नाव नाही' हे मौन नव्हे, उत्तर आहे. ते मिळाले की शोध संपतो. बाहेरचा नेमसर्व्हर तर हे उत्तर मोठ्या तत्परतेने देतो!

मुळात ही व्यवस्था वाटून घेतलेली आहे. पूर्वी सगळ्या यंत्रांची एकच यादी असे, आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचे पथक ती सांभाळीत असे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या रचनेत प्रत्येक वस्तीची नावे त्या वस्तीनेच सांगावीत, असे ठरले. जुन्या यादीचा वंशज, 'होस्ट्स' नावाची फाइल, अजून प्रत्येक लिनक्स यंत्रात आहे. स्क्विडही ती वाचतो. घरची नावे दोनचारच असतील तर ती तेथे लिहून भागते.

आमच्याकडे नावे अधिक. तेव्हा स्क्विडच्या मांडणीतील 'डीएनएस नेमसर्व्हर्स' या ओळीत केवळ शाळेतल्या नेमसर्व्हरचा पत्ता दिला. बाहेरची नावे तोच पुढे विचारून आणतो. टिंब नसलेल्या नुसत्या नावास आडनाव लागते. ते 'अपेंड डोमेन' या ओळीने जोडले. हे आडनाव 'लोकल' मात्र ठेवू नये, ते २०१३ पासून निराळ्या पद्धतीसाठी राखीव आहे.

बदलानंतर स्क्विडला मांडणी पुन्हा वाचावयास लावावी आणि किंचित थांबावे. एकदा मिळालेला नकार तो साधारण एक मिनिट लक्षात ठेवतो, आणि तेवढ्यात अधीर माणूस दुरुस्त केलेली ओळ पुन्हा बदलून बसतो. आमच्या येथे दोन मिनिटांनी 'ग्रंथालय' उघडले. गुणांचे तक्ते त्याच दुपारी दुसऱ्या तबकडीवर उतरवून घेतले.